पाने गेली, कांदा आहे!

श्रावणातल्या एखाद्या सकाळी रामबागेत किंवा नारायणबागेत, जिथे अजून थोडीफार अंगणे शिल्लक आहेत अशा एखाद्या जुन्या घरातून, हमखास एक हाक ऐकू येते: "अगं बाई, लिली खाल्ली की हो सगळी!" चार दिवसांपूर्वी जिथे हात-हातभर लांबीच्या तुकतुकीत पानांचे झुबके होते, तिथे आता बोटभर उंचीचे कुरतडलेले खुंट उभे असतात. त्यांवर काळ्याभोर अळ्या निवांत बसलेल्या असतात आणि खाली हिरवट-काळ्या लेंड्यांचा सडा पडलेला असतो. मग शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावून निकाल देतात, "उपटून टाका हो वहिनी, त्यात आता काही राम नाही."

हा लेख त्या उपटणाऱ्या हातासाठी आहे. राम आहे, आणि तो जमिनीखाली आहे.

लिली म्हणून आपण ज्यांना ओळखतो ती मंडळी बरीच आहेत. चैत्र-वैशाखात पानांच्या आधी पोकळ, जाड दांडा वर काढून त्यावर तीन-चार मोठी केशरी-तांबडी कर्ण्यासारखी फुले मिरवणारी ती एक. पहिल्या पावसाबरोबर एका रात्रीत गुलाबी किंवा पांढरी होऊन उभी राहणारी ती दुसरी, म्हणजे रेन लिली. पांढऱ्या लांब पाकळ्यांची, कोळ्याच्या पायांसारखी दिसणारी स्पायडर लिली ही तिसरी. आणि ह्या सर्वांत थोरला म्हणजे आपला सुदर्शन, ज्याच्या पानाचा कोमट रस ठणकणाऱ्या कानात पिळणाऱ्या आज्या अनेकांना आठवत असतील. (आठवण ठेवावी, प्रयोग करू नये. झाड विषारी आहे.) ही सारी एकाच कुळातली. त्यांतला सुदर्शन तेवढा ह्या मातीतला, बाकीची पाहुणी. केशरी-तांबड्या लिलीचे माहेर दक्षिण अमेरिका आणि तिच्या लगतचा उष्ण प्रदेश. तिचे शास्त्रीय नाव हिपिॲस्ट्रम. तिच्या दोन जातींचा पहिला संकर १७९९ च्या सुमारास इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यात जॉन्सन नावाच्या एका घड्याळजीने केला. दिवसभर चाके-काटे बसविणाऱ्या माणसाने फावल्या वेळात फुलांचे परागही जुळवावेत, ह्यात मला तरी नवल वाटत नाही. दोन्ही कामांना हात स्थिर लागतो.

पण आपल्या घरांतून ह्या झाडांकडे परदेशी पाहुणी म्हणून कोणी पाहिले नाही. ती घरचीच झाली, कारण त्यांचे कांदे. गुलाबाचे कलम करावे लागते, मोगऱ्याची फांदी दाबावी लागते. लिलीच्या मोठ्या कांद्याला आपोआप पिल्ले सुटतात आणि ती वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून कोणालाही देता येतात. देवासची मावशी येताना घेऊन आली, धारच्या आत्यांनी मागून नेली, लेक ग्वाल्हेरला सासरी गेली तिच्या सामानात दोन कांदे गेले, असा हा प्रवास. कित्येक घरांत दागिन्यांची वाटणी झाली, भांड्यांची झाली, वाड्याच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली, आणि आजीच्या हातचे म्हणून जे खरोखर जिवंत उरले ते गॅलरीतल्या कुंडीतले हे कांदेच. अशी वस्तू एका आठवड्याच्या अळीपायी उकिरड्यावर जावी, हे बरे नव्हे.

आता ह्या अळीची ओळख करून घेऊ. लिलीच्या पानांत आणि कांद्यात एक विषारी द्रव्य असते. म्हणूनच मोकाट गाय किंवा शेळी बागेत शिरली तर जास्वंद फस्त करते, पण सुदर्शनाला तोंड लावत नाही. नेमक्या ह्या झाडावर मात्र एका पतंगाची पिढ्यान् पिढ्या उपजीविका चालते. त्याचे शास्त्रीय नाव पॉलिटेला ग्लोरिओसी. पावसाळ्यात कुंपणांवर चढणारी, ज्वाळेसारख्या पाकळ्यांची कळलावी हे त्याचे दुसरे खाद्य, आणि तिच्याच शास्त्रीय नावावरून ह्याचे नाव पडले आहे. पतंग दिसायला देखणा: पुढच्या पंखांवर काळा, तांबडा आणि पिवळा रंग असा तुकड्या-तुकड्यांनी बसविलेला, की चिनी मातीच्या फुटक्या बशांच्या नक्षीची फरशी आठवावी. तो संध्याकाळी पानांच्या पाठीवर अंड्यांचे पुंजके घालतो. काही दिवसांत अंडी फुटतात. बारीक अळ्या प्रथम एकत्र राहून पानाचा नुसता हिरवा थर खरवडतात, त्यामुळे पानावर पांढुरके, पारदर्शक डाग दिसतात. हा इशारा होय, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. पुढे अळी इंच-सव्वा इंच वाढते, काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि मधून मधून केशरी-तांबडा रंग येतो, आणि मग ती टोकापासून बुडापर्यंत पान संपवीत खाली उतरते. दोन-तीन आठवड्यांत पोट भरले की ती मातीत शिरून कोष करते. त्यातून पुन्हा पतंग निघतो. पावसाळ्यात अशा एकामागून एक पिढ्या होतात. म्हणजे श्रावणात आलेली धाड ही शेवटचीच असेल, असे समजू नये.

दुसऱ्या एका जातीची अळी ह्याहून वाईट. ती पानाच्या पोटात शिरते, आतून पोखरीत मानेशी येते आणि तिथून कांद्यात उतरते. पान वरून पिवळे, लिबलिबीत झाले, ओढताच हातात आले आणि घाण वास सुटला, तर ही समजावी. तिची चाल वेगळी, म्हणून उपायही वेगळा. तो पुढे येईल.

बागेविषयी लिहिणारे बहुधा इथपर्यंत येऊन औषधांची यादी देतात आणि रजा घेतात. खरी गोष्ट इथून पुढे आहे, कारण अळी मारल्याने झाड बरे होत नाही. ते कसे बरे होते, हे कळायला कांदा उभा चिरून पाहावा. (एखादा सडका मिळाला तर, चांगला चिरू नये.) आपल्या स्वयंपाकघरातल्या कांद्यासारखेच पापुद्रे दिसतात. प्रत्येक पापुद्रा म्हणजे एका जुन्या पानाचे बूड होय. पान वर उन्हात राबते, जे मिळवते त्यातले काही पिठाच्या रूपाने खाली आपल्या बुडात साठवते. पान वाळून गेले तरी ते कोठार राहते. अगदी मध्यभागी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, पुढची पाने आणि पुढची फुले दाटीवाटीने तयार होत असतात. हिपिॲस्ट्रमचा ह्यात एक पक्का हिशेब आहे: साधारण चार पाने, मग एक फुलाचा दांडा, पुन्हा चार पाने, पुन्हा दांडा. आणि हा दांडा ज्या चैत्रात वर येतो त्याच्या वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ आधी त्याचा अंकुर कांद्याच्या पोटात धरलेला असतो.

ह्या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली दिलाशाची: श्रावणात सगळी पाने गेली तरी येत्या चैत्राचा दांडा कांद्यात सुखरूप असण्याचा संभव आहे. दुसरी काळजीची: तो दांडा पोसायला लागणारे अन्न ह्याच पावसाळ्यातल्या पानांनी मिळवायचे असते. पाने नाहीत तर कांदा स्वतःच्या कोठारातले खर्च करून नवी पाने काढतो. एकदा काढील. दुसऱ्यांदा अळीने तीही खाल्ली तर पुन्हा काढील, पण आता कांदा मुठीएवढा होता तो लिंबाएवढा उरेल. आतला अंकुर उपासमारीने जागीच सुकेल, आणि त्या घरात पुढची दोन-तीन वर्षे "आमची लिली हल्ली फुलतच नाही" असे बोलणे ऐकू येईल. पहिल्या धाडीने लिली मरत नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या धाडीने खंगते. म्हणून पहिल्या धाडीनंतरचे चार-सहा आठवडे जपायचे.

हे जपणे बरेचसे न करण्याचे आहे. पहिली गोष्ट म्हणजे कात्री आत ठेवा. अर्धवट खाल्लेले, भोके पडलेले पान कितीही ओंगळ दिसले तरी जोवर त्यात हिरवा रंग आहे तोवर ते झाडाची मिळकत आहे. पाहुणे येणार म्हणून खुंट कापून आळे साफसूफ करणाऱ्या गृहिणी मी पाहिल्या आहेत. घराची शोभा राहते, कांद्याचा घास जातो. पाणीही कमी द्यावे. पाने नसलेले झाड पाणी फारसे ओढत नाही, आणि आपली माळव्याची काळी माती पाणी धरून बसते. ओल्या काळ्या मातीत बसलेला, पाने गमावलेला कांदा अळीने नव्हे, सडून जातो. कुंडी असेल तर ती वळचणीखाली, पागोळ्या लागणार नाहीत पण सकाळचे ऊन लागेल अशी सरकवावी. जमिनीत असेल तर कांद्याच्या मानेवरची माती बाजूला सारून मान उघडी करावी आणि पाण्याला वाट काढून द्यावी. पुढे केव्हा नव्याने लावाल तेव्हा वाळू आणि खत मिसळून वाफा वीतभर उंच करावा आणि कांद्याचा वरचा भाग मातीबाहेर ठेवावा. काळ्या मातीत हे एक पथ्य पाळले तर निम्मी दुखणी येतच नाहीत.

आणि खत? थांबा. आजाऱ्याला पहिल्या दिवशी पुरणपोळी वाढीत नाहीत. नव्या पानांची दोन टोके चांगली बोटभर वर येईपर्यंत काही घालू नये. त्यानंतर चांगले कुजलेले खत मूठभर आणि थोडी निंबोळी पेंड, कांद्याला न चिकटविता, सभोवार.

करायचे ते असे. सकाळी लवकर किंवा रात्री दिवा घेऊन अळ्या वेचाव्यात आणि साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. किळस वाटत असेल तर जुन्या चिमट्याने वेचाव्यात. दहा-पंधरा झाडांना ह्यापेक्षा मोठा उपाय लागत नाही. मात्र तीन दिवस ओळीने वेचावे लागते. एक दिवस वेचून समाधान मानणारे चौथ्या दिवशी पुन्हा हळहळतात. पानाच्या पाठीवरचे अंड्यांचे पुंजके अंगठ्याने पुसून टाकावेत. मग खुरप्याने झाडाभोवतीची वरची दोन बोटे माती हलक्या हाताने उकरावी. कोष उघडे पडतात आणि साळुंक्या उरलेले काम पाहतात. बारीक अळ्या पुष्कळ असतील तर निंबोळ्यांचा अर्क कामी येतो: वाळलेल्या निंबोळ्यांचा गर ५० ग्रॅम कुटून, फडक्यात बांधून, एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवावा, सकाळी पिळून घेऊन त्यात चिमूटभर साबण विरघळवावा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावा. मोठ्या अळीला ह्याची फारशी मातब्बरी वाटत नाही. तिला वेचलेलीच बरी.

कांद्यात शिरलेल्या त्या दुसऱ्या अळीसाठी मात्र हात आखडून चालत नाही. कांदा उपटावा, लिबलिबीत पापुद्रे टणक पांढरा भाग लागेपर्यंत सोलून काढावेत, आतली अळी शोधून नाहीशी करावी, आणि कांदा सावलीत चार-पाच दिवस वाळवून, त्याला लाकडी कोळशाची पूड चोळून, नव्या कोरड्या मातीत बसवावा. बूड, म्हणजे जिथून मुळे फुटतात ती चकती, शाबूत असेल तर निम्मा उरलेला कांदाही जगतो. चकतीच सडली असेल तर त्याचा मोह सोडावा. सोलताना हातमोजे असावेत; रसाने काहींच्या हाताला खाज सुटते. सोललेले तुकडे गुरे-कुत्री-मुलांच्या वाटेत टाकू नयेत.

पांढऱ्या पुडीविषयी येथे बोलणे भाग आहे. एके काळी घरोघर माळ्यावर डीडीटीचा किंवा गॅमेक्सीनचा डबा असे. ढेकणांपासून लिलीपर्यंत सर्वांवर तीच पूड. भारतात शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ साली बंद झाला, बीएचसी म्हणजेच गॅमेक्सीनवर १९९७ साली बंदी आली. पण जुन्या घरांतले डबे कायद्याचे कागद वाचीत नाहीत. घर पाडताना, माळा आवरताना असा गंजका डबा निघतो आणि "फुकट कशाला घालवा" म्हणून कुंडीत रिकामा होतो. ही पूड मातीत वर्षानुवर्षे राहते; शेजारच्या कुंडीत पुदिना असतो, कोथिंबीर असते, आणि अंगणात रांगणारे मूल असते. चार अळ्यांसाठी हा सौदा फार महाग आहे. तो डबा न उघडता, घातक कचरा म्हणून वेगळा करून महापालिकेच्या माणसाच्या हाती द्यावा.

खताचा विषय निघाला आणि आपण इंदूरचे, तेव्हा एका गृहस्थाची आठवण टाळता येत नाही. १९२४ साली होळकर संस्थानच्या आश्रयाने येथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री निघाली आणि अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे संचालक झाले. पुढे त्याच जागी कृषी महाविद्यालय आले. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख ह्यांचे थर रचून, तीनदा उलथून, तीन महिन्यांत खत करण्याची जी रीत हॉवर्डसाहेबांनी येथे बसविली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ साली तिच्यावर पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्डांच्या बरोबरीने यशवंत वाड ह्यांचे नाव आहे. १९३५ साली इंदूरला आले असता गांधीजींनीही हे काम पाहिले. आपल्या गावाचे नाव परदेशच्या शेतकऱ्याच्या तोंडी गेले ते कचऱ्याच्या खतामुळे, ह्याचा मला तरी राजवाड्याइतकाच अभिमान वाटतो.

हॉवर्डांचे म्हणणे असे, की कीड ही शिक्षा नसून शिक्षक आहे. जमीन आजारी असली की पीक आजारी पडते आणि कीड ते दाखवून देते. सुपोषित झाडाला कीड सहसा त्रास देत नाही. हा विचार मोठा आहे, पण लिलीच्या अळीने तो वाचलेला नाही. उत्तम खतातली, टवटवीत लिलीही ती तितक्याच आवडीने खाते; कदाचित अधिकच. फरक पडतो तो नंतर. सकस मातीतला, मुठीएवढा कांदा तीन आठवड्यांत पुन्हा चार पाने उभी करतो. डब्यातल्या कडक मातीत वर्षानुवर्षे अडकलेला कांदा एक पिवळट पान काढून थांबतो. तेव्हा हॉवर्डांचा सिद्धान्त लिलीपुरता थोडा वळवून घ्यावा: खत अळीला अडवीत नाही, ते झाडाला उठवते.

आपल्यांपैकी अनेकांची मुले-नातवंडे आता इंग्लंड-अमेरिकेत आहेत, आणि तिथे उन्हाळ्यात राहून आलेली वडीलधारी मंडळी घराच्या सावलीतल्या एका झाडाचे वर्णन करतात: मोठाली, शिरा उठलेली, निळसर किंवा पांढऱ्या कडांची पाने, जमिनीलगत परडीसारखा पसारा. हे होस्टा. मूळ जपान, चीन आणि कोरिया ह्यांकडचे. जपानी लोक त्याला गिबोशी म्हणतात, कारण त्याची मिटलेली कळी पुलाच्या कठड्यावरील कळसासारखी दिसते. त्याला हिवाळ्यात काही आठवडे कडक थंडीची झोप लागते, त्यामुळे इंदुरात ते रमणार नाही. पण दुखणे ओळखीचे: तिथे रात्री बिनशंखाच्या गोगलगायी येऊन पानांची चाळण करतात, अमेरिकेत हरणे येऊन देठापर्यंत खातात. आणि तिथेही जमिनीखालचा गड्डा शाबूत असतो. फरक इतकाच, की आपली लिली पावसाळाभर पानामागून पान काढीत राहते, तर होस्टा आपली बहुतेक पाने वसंतातच एकदम काढतो. ती फाटली की ते वर्ष बहुधा फाटक्या पानांवरच काढावे लागते. म्हणून तिथे राखण वसंताच्या आरंभी, कोंब फुटतानाच करावी लागते. गोगलगायींना अडविण्यासाठी अंड्यांची टरफले, खडी, तांब्याची पट्टी असे पुष्कळ उपाय लोक सांगतात. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ साली ह्या उपायांची सॅलडच्या पानांवर परीक्षा घेतली, तेव्हा काहीच न केलेल्या वाफ्यापेक्षा त्यांत विशेष फरक दिसला नाही. गोगलगायींचे जुने विष मेटाल्डिहाइड ब्रिटनमध्ये २०२२ पासून उघड्यावर वापरण्यास बंद आहे. तेव्हा लंडनच्या सूनबाईंनाही रात्री दिवा घेऊन वेचण्याचेच काम आहे. सासूबाई इकडे अळ्या वेचतात, त्या तिकडे गोगलगायी.

आता भाद्रपदाची गोष्ट. नवी पाने वीतभर झाली की मन निर्धास्त होते, आणि नेमकी तेव्हाच मातीतल्या कोषांतून निघालेली पुढची पिढी अंडी घालते. गणपतीच्या धांदलीत कुंडीकडे पाहायला कोणाला फुरसत असते? पण ह्याच दिवसांत, दर तीन-चार दिवसांनी, पाने उलटी करून पाठीवर नजर टाकावी. पांढुरका खरवडलेला डाग दिसला, की तिथेच पुंजक्याने बसलेल्या बारीक अळ्या एका चिमटीत जातात. ही पाने मार्गशीर्षापर्यंत टिकली तर कांद्याचे कोठार बहुतेक भरून निघते. त्यानंतर पाणी तोडावे, पाने आपोआप पिवळी पडू द्यावीत आणि कांद्याला माघ सरेपर्यंत झोपू द्यावे.

चैत्रात दांडा आला तर उत्तम. नाही आला आणि पाने मात्र जोमाने आली, तर समजावे की कांदा अजून उसने फेडतो आहे. आणखी एक पावसाळा त्याला द्यावा. अशा कांद्याची पिल्ले ह्या वर्षी मोडून कोणाला देऊ नयेत, मग मागणारे माणूस कितीही जवळचे असो. आणि धडधाकट कांदा द्याल तेव्हा तो मातीसकट, कुंडीसकट देऊ नका. त्या मातीत कोष असतो, आणि आपली अळी पाहुणचाराला ग्वाल्हेरपर्यंत जाते. कांदा धुऊन, मान पाहून, दोन दिवस सावलीत सुकवून, वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून द्यावा.